बराकीतून कलादालनाकडे : फिस्क विद्यापीठाचा धडा

भिंतीवर कोणाचे चित्र लागते आणि त्या भिंतीची किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे दोन प्रश्न वरवर पाहता कलेचे वाटतात. प्रत्यक्षात ते सत्तेचे प्रश्न आहेत. आमच्या चळवळीत पुतळ्यांवर चर्चा झाली, नावांवर लढे झाले, स्मारकांसाठी मोर्चे निघाले. पण संग्रहालय, कलादालन, दप्तरखाना यांचा विषय निघाला की आपल्यातलेच कार्यकर्ते म्हणतात, 'आधी भाकरी, आधी नोकरी, चित्रे मग बघू.' हे बोलणे चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. ते अर्धवट का, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात जावे लागेल. तिथे फिस्क नावाचे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ आहे आणि त्या विद्यापीठात एका जुन्या व्यायामशाळेचे कलादालन झाले आहे.

या विद्यापीठाचा जन्मच बोलका आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. ज्या दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, तिथे जानेवारी १८६६ मध्ये नॅशव्हिलला मुक्त झालेल्या गुलामांची शाळा भरली. भरली कुठे? तर युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या लष्करी रुग्णालयाच्या बराकींत. पोरासोरांबरोबर म्हातारी माणसेही पाटी घेऊन बसली. असे सांगितले जाते की, शहरातल्या जुन्या गुलाम-कोठडीत गंजून पडलेल्या बेड्या आणि साखळदंड गोळा करून भंगारात विकले गेले आणि त्या पैशातून मुळाक्षरांची पुस्तके आणली. बेडी विकून पाटी घेणाऱ्यांचे हे विद्यापीठ!

आमच्या वाचकांना बराकीची ही गोष्ट परकी वाटणार नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेही आरंभी लष्करी बराकींतच. ज्यांना कोणी वाड्यात घेतले नाही त्यांनी बराकीत वर्ग भरवले. दोन खंड, दोन समाज, पण रीत एकच.

फिस्कची पहिली मोठी इमारत कशी उभी राहिली, हेही पाहण्यासारखे आहे. पाच वर्षांतच शाळेची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा १८७१ साली खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी-विद्यार्थिनींचे गायकपथक घेऊन दौरा काढला. त्यातले बहुतेक जण गुलाम म्हणूनच जन्मलेले. आईबापांनी मळ्यांत राबताना गायलेली गाणी त्यांनी सभागृहांत गायली. हॉटेलवाल्यांनी खोल्या नाकारल्या, रेल्वेत अपमान झाले. पुढे ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियासमोर गायले. त्या गाण्याच्या पैशातून 'जुबिली हॉल' उभा राहिला आणि १८७६ साली त्याचे उद्घाटन झाले. आज ती अमेरिकेची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. कोणा जमीनदाराने दान दिले म्हणून ती इमारत झाली नाही. जलशाच्या पैशातून झाली. आपल्या आंबेडकरी जलशांनी गावोगाव काय केले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता त्या व्यायामशाळेकडे येऊ. ती १८८८ साली बांधली गेली. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात बांधलेली ती पहिलीच व्यायामशाळा, असे सांगितले जाते. त्याच १८८८ साली एक विद्यार्थी फिस्कमधून पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचे नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याचा हा सर्वांत मोठा विचारवंत झाला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंची स्थिती आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे त्यात त्यांनी नोंदवले आणि नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले, अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळवली. हा पत्रव्यवहार आज आपण अभिमानाने सांगतो. पण तो आपल्याला कळला कसा? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयाने ड्यू बॉइस यांचे कागद जपले, क्रमवार लावले, अभ्यासकांना खुले केले म्हणून. कागद जपणारी जागा नसती तर बाबासाहेबांचे ते पत्र रद्दीत गेले असते. 'चित्रे मग बघू' म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

१९४६ हे साल फिस्कसाठीही महत्त्वाचे ठरले. स्थापनेपासून ऐंशी वर्षे या विद्यापीठाचे अध्यक्ष गोरेच होते. त्या वर्षी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन यांची निवड झाली आणि प्रथमच कृष्णवर्णीय माणूस त्या खुर्चीत बसला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हे छायाचित्रकार वारले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्यांच्या '२९१' या छोट्या दालनाने युरोपातली नवी चित्रकला अमेरिकेला दाखवली होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा ते दालन त्याच शहरात चालू होते. स्टीग्लिट्झ यांच्या मागे शेकडो चित्रे, शिल्पे, छायाचित्रे राहिली. त्यांची वाटणी करण्याचे काम त्यांच्या पत्नी जॉर्जिया ओकीफ यांच्याकडे आले. त्या स्वतः नामवंत चित्रकार.

ओकीफ यांनी संग्रहाचे वाटे केले. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शिकागोची कलासंस्था, वॉशिंग्टनची राष्ट्रीय कलावीथी, फिलाडेल्फियाचे संग्रहालय अशी मातब्बर नावे यादीत होती. आणि त्याच यादीत दक्षिणेतले, गरीब, कृष्णवर्णीयांचे फिस्क विद्यापीठ होते. लेखक व छायाचित्रकार कार्ल व्हॅन व्हेक्टन हे ओकीफ आणि जॉन्सन या दोघांचेही स्नेही. त्यांनी हे नाव सुचवले. एकूण १०१ कलाकृती फिस्कला मिळाल्या. त्यांत सेझान, रेन्वार, पिकासो, दिएगो रिव्हेरा होते, मार्सडन हार्टली, आर्थर डव्ह, जॉन मरिन हे अमेरिकन चित्रकार होते, स्टीग्लिट्झ यांची छायाचित्रे होती आणि आफ्रिकी शिल्पेही होती. ओकीफ यांचे न्यूयॉर्कच्या रात्रीचे १९२७ सालचे 'रेडिएटर बिल्डिंग' हे प्रसिद्ध चित्रही त्यांत होते.

या कलाकृती ठेवायच्या कुठे? नवी इमारत बांधायला पैसा नव्हता. जुनी व्यायामशाळा दुरुस्त करून तिचे कलादालन केले. ४ नोव्हेंबर १९४९ रोजी ते उघडले. ज्या शहरात दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर कृष्णवर्णीय माणसाला बसू देत नव्हते, त्या शहरात सेझान आणि पिकासो पाहायचे तर गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात यावे लागे. हे लहानसहान नव्हते. जातीच्या भाषेत सांगायचे तर गावातली सर्वांत चांगली विहीर प्रथमच वस्तीत खोदली गेली होती आणि ती सर्वांना खुली होती. पुढे १९६० साली याच नॅशव्हिलमध्ये डायन नॅश, जॉन लुईस आदी विद्यार्थ्यांनी त्या काउंटरवर बसून सत्याग्रह केला आणि मे महिन्यात काउंटर खुले करून घेतले. डायन नॅश फिस्कच्या विद्यार्थिनी होत्या, जॉन लुईस यांनी पुढे फिस्कचीच पदवी घेतली. चित्रांमुळे सत्याग्रह झाला, असा दावा आम्ही करत नाही. पण ज्या आवारात माणूस मान वर करून वावरतो तिथूनच तो मान वर करून बाहेर पडतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फिस्कची कला म्हणजे केवळ गोऱ्या दात्यांनी दिलेली भेट नव्हे. ओकीफ यांच्या देणगीच्या १९ वर्षे आधी, १९३० साली, हार्लेमच्या प्रबोधनकाळातले चित्रकार अ‍ॅरन डग्लस यांनी फिस्कच्या ग्रंथालयाच्या भिंतींवर आफ्रिकेपासून गुलामगिरीपर्यंत आणि गुलामगिरीपासून मुक्तीपर्यंतचा प्रवास रंगवला. पुढे त्यांनी तिथला कलाविभाग उभा केला आणि १९६६ पर्यंत तो सांभाळला. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड ड्रिस्केल यांनी १९७६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलेच्या दोन शतकांचे प्रदर्शन भरवले आणि 'यांना कला कुठे येते' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद केली. अलाबामातल्या टॅलाडेगा महाविद्यालयात हेल वुड्रफ यांनी १९३९ साली 'अमिस्टाड' जहाजावरच्या गुलामांच्या बंडाची भित्तिचित्रे काढली. ही सारी स्वतःच्या इतिहासाची, स्वतःच्या हाताने रंगवलेली भिंत होती.

आणि दालनाचे नाव? ते पडले कार्ल व्हॅन व्हेक्टन यांचे. याच व्हॅन व्हेक्टन यांच्या हार्लेमवरच्या १९२६ सालच्या कादंबरीवर ड्यू बॉइस यांनी अत्यंत कडक टीका केली होती. म्हणजे ज्या विद्यापीठाने ड्यू बॉइस घडवले, त्याच विद्यापीठाच्या दालनावर त्यांना न पटलेल्या लेखकाचे नाव आले. दाता उपकारकर्ता असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण दानाबरोबर नाव येते आणि अटी येतात. ओकीफ यांच्या अटी होत्या : संग्रह एकत्र ठेवायचा, विकायचा नाही, बदल्यात द्यायचा नाही. पण तो सांभाळायला लागणारा कायमचा निधी मात्र नव्हता. खरी ग्यानबाची मेख इथे आहे.

जुनी विटांची इमारत आणि शंभर नाजूक कलाकृती म्हणजे रोजचा खर्च. उष्णता, दमट हवा, गळके छप्पर, विमा, पहारा. इमारत एकदा दुरुस्त केली की काम संपत नाही. दर पिढीला ती पुन्हा दुरुस्त करावी लागते. फिस्ककडे पैसा नव्हता. २००५ साली संग्रह शहरातल्या दुसऱ्या संग्रहालयात सुरक्षित ठेवावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस, विद्यापीठाच्या अध्यक्ष हेझेल ओलिअरी असताना, फिस्कने 'रेडिएटर बिल्डिंग' आणि हार्टली यांचे १९१३ सालचे एक चित्र विकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. सँटा फे येथील ओकीफ संग्रहालय आडवे आले. टेनेसी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरलही जनतेच्या वतीने उभे राहिले. मग वॉलमार्टच्या वारसदार अ‍ॅलिस वॉल्टन यांच्या आर्कान्सातील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने प्रस्ताव दिला : तीन कोटी डॉलर घ्या आणि संग्रहाची निम्मी मालकी द्या.

खटला सात वर्षे चालला. न्यायालयाने मध्येच बजावले की चित्रे पुन्हा भिंतीवर लावा. २००८ साली दालन परत उघडले. शेवटी दात्याची अट जशीच्या तशी पाळणे अशक्य झाले तर त्याच्या हेतूच्या जास्तीत जास्त जवळचा मार्ग काढायचा, या तत्त्वावर वरच्या न्यायालयांनी भागीदारी मान्य केली. २०१२ साली व्यवहार पूर्ण झाला. आता संग्रह आलटून पालटून दोन-दोन वर्षे नॅशव्हिल आणि बेंटनव्हिल येथे राहतो. पुढे २०१६ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली : खटला चालू असतानाच, २०१० मध्ये, फिस्कने आपल्या संग्रहातली दुसरी दोन चित्रे, फ्लोरिन स्टेटहायमर आणि रॉकवेल केंट यांची, गाजावाजा न करता विकली होती.

यावर आपण काय म्हणायचे? एक बाजू म्हणते, पोरांचे वर्ग बंद पडत असतील तर भिंतीवरचा पिकासो काय कामाचा? ही बाजू आम्हाला कळते. ज्यांच्या घरी कधी दागिना गहाण पडला नाही त्यांनी फिस्कला शहाणपण शिकवू नये. दुसरी बाजू म्हणते, आज दोन चित्रे, उद्या निम्मा संग्रह, परवा इमारत; मग विद्यापीठाकडे स्वतःचे म्हणून उरले काय? हीही बाजू आम्हाला कळते. पण दोन्ही बाजूंनी जो प्रश्न विचारायला हवा होता तो हा : गुलामांच्या फुकट श्रमावर ज्या देशाची संपत्ती उभी राहिली, त्या देशात गोऱ्यांच्या जुन्या विद्यापीठांच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर कसे आणि बेड्या विकून सुरू झालेल्या विद्यापीठाला दीडशे वर्षांनीही घरातली चित्रे का विकावी लागतात? चित्र विकणाऱ्याला जाब विचारणे सोपे असते. त्याला विकायची वेळ कोणी आणली, हे विचारणे अवघड असते. त्या अवघड प्रश्नाचे उत्तर न्यायालयाच्या निकालात नाही, ते इतिहासात आहे.

तरीही गुपचूप विक्रीचे समर्थन आम्ही करणार नाही. समाजाची वस्तू समाजाला न सांगता विकली की गरिबी ही सबब उरत नाही. जुबिली गायकांनी पैसा उभा केला तो लोकांपुढे उभे राहून, उघडपणे. संस्था अडचणीत आली तर पहिली हाक समाजाला द्यायची, हा त्यांचा धडा होता. तो फिस्कचे कारभारी विसरले.

आता आपल्या घरात डोकावू. बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात कार्यकर्त्यांनी जपल्या, म्हणून आज त्या पाहायला मिळतात. दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटे पाडला गेला, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. पण पाडण्याआधी त्या वास्तूला कायद्याचे वारसा-संरक्षण मिळवून देण्यासाठी आपण किती कागद रंगवले होते? लंडनमधले, बाबासाहेब विद्यार्थिदशेत राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. ते संग्रहालय म्हणून वापरायला तिथल्या कॅम्डेन परिषदेने परवानगी नाकारली आणि २०२० साली ती मिळेपर्यंत झगडावे लागले. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. या साऱ्यातून एकच गोष्ट दिसते : भावनेने वास्तू मिळते, टिकते ती कागदाने आणि कायमच्या निधीने.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे या समाजाने घरे जाळून घेतली, माणसे गमावली आणि विद्यापीठाला नाव मिळवले. नावानंतरची पायरी नावाच्या आतल्या भिंतींची आहे. आपल्या चित्रकारांची चित्रे, पँथरच्या काळातली भित्तिपत्रके, जलशांच्या वह्या, चळवळीच्या नियतकालिकांचे अंक, मोर्च्यांची छायाचित्रे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडून आहेत. कार्यकर्ता गेला की दहाव्या दिवशी रद्दीवाला येतो. त्याआधी आपण पोहोचले पाहिजे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक शिक्षणसंस्थेने एक नोंदवही घालावी : कोणाकडे काय आहे, कोणत्या सालचे आहे, छायाचित्रात कोण आहे. ज्या शिक्षणसंस्थांकडे जुनी, दगडी, मजबूत इमारत आहे, तिथली एक खोली कोरडी करावी आणि तिला खोली न म्हणता दालन म्हणावे. फिस्कने व्यायामशाळेचे केले, आपण वसतिगृहाच्या जेवणघराचे करू.

पण तीन गोष्टी पहिल्या दिवशीच लिहून ठेवाव्यात. एक, सांभाळण्याचा निधी वेगळा असेल आणि तो पगाराला किंवा जयंतीच्या मंडपाला वळवता येणार नाही. दोन, एकही वस्तू जाहीर सभेत सांगितल्याशिवाय विकता, बदलता किंवा उसनी देता येणार नाही. तीन, कोणी दात्याने अट घातली तर ती अट आणि ती पाळायचा खर्च, दोन्ही एकाच कागदावर येतील. ओकीफ यांनी अट दिली, खर्च दिला नाही. त्याची किंमत फिस्कने निम्म्या मालकीने मोजली.

फिस्कचे दालन बंद पडले नाही, हेही सांगितले पाहिजे. निम्मा वाटा गेला तरी जुनी व्यायामशाळा उभी आहे, तिच्या भिंती फिस्कच्याच आहेत, अ‍ॅरन डग्लस यांनी रंगवलेल्या भिंती तर कोणाला वाटून नेताच येत नाहीत. दान मिळालेले चित्र वाटले जाते. स्वतःच्या भिंतीवर स्वतः काढलेले चित्र वाटले जात नाही. आपल्या तरुण चित्रकारांनी आणि संस्थाचालकांनी एवढे ध्यानात घ्यावे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत एका तरी विहारात, एका तरी महाविद्यालयात ही नोंदवही उघडली जावी आणि तिच्या पहिल्या पानावर गावातल्या सर्वांत वयोवृद्ध कार्यकर्त्याच्या ट्रंकेतल्या वस्तूंची यादी असावी.

जयभीम!